दिवाळीनंतर निघून जाणारा जंतू

नाशिक रोड
११ जानेवारी १९९८

मनू,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम आईकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच गादीखाली सारलं असतंस. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, शिव्या मग घाल. सोबतचा तिळगूळ आईने केलाय. माझा हात त्याला लागलेला नाही, तेव्हा बिनघोर खा.

भारतरावांचं कार्ड शुक्रवारी आलं. आठवा लागेल आता, मार्चची अठरा तारीख दिली आहे, आणि आम्हाला आत्ता कळवताय! आईने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे झटकून पुन्हा वाळत घातले. आनंद झाला, मनू, खरंच झाला. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते अजून गेलेलं नाही.

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे, 'प्रतिभाताईंनी येण्याची तसदी घेऊ नये, मनीषाला त्रास होतो.' तसदी हा शब्द जावईबापूंचा, बाकी सगळं तुझं. येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, रीतच आहे. पहिलं इथे माझ्या देखरेखीखाली झालं आणि तिसऱ्या दिवशी आपण रिकाम्या हातांनी घरी आलो. मार्चमध्ये दोन वर्षं होतील. त्यावर मी काही लिहीत नाही.

एका कामासाठी लिहितेय. कळा सुरू झाल्या की लगेच पेनिसिलिनचं इंजेक्शन शिरेतून घ्यायचं. मग दर चार तासांनी एक, बाळ होईपर्यंत. पहिलं इंजेक्शन जन्माच्या निदान चार तास आधी पोटात गेलेलं हवं, म्हणजे शिरेत, तुला कळलं मला काय म्हणायचंय ते. म्हणून कळा अंगावर काढत बसू नकोस. मागच्या वेळी काढल्या होत्यास.

कारण सांगते. काही बायकांच्या प्रसूतीच्या वाटेत एक जंतू असतो. स्ट्रेप्टोकोकसच्या घराण्यातला आहे, आपण स्ट्रेप म्हणू. बाईला त्याचा कणभर त्रास नसतो. बाळ बाहेर येताना त्याच्या नाकातोंडात जातो आणि थेट छातीत उतरतो. बाळ भराभर श्वास घ्यायला लागतं. पुढचं तुला माहीत आहे. अमेरिकेत दोन वर्षांपूर्वी नियमच निघाला की अशा बायकांना कळांमध्ये इंजेक्शन द्यायचं.

तुला तो जंतू नव्हता. रिपोर्ट मीच दिला होता. तरी घे. अंगावर एक शाल जास्त घेतली म्हणून कुणाचं बिघडत नाही. मी घाबरलेली वगैरे नाही, नवीन गोष्ट कळली ती बहिणीला सांगावी म्हणून सांगतेय.

ताई

*

नाशिक रोड
३ फेब्रुवारी १९९८

मनू,

दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. चारच ओळी. त्या मला पाठ झाल्या आहेत. 'ताई, तुझा रिपोर्ट क्लिअर होता. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय आणि इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, रिपोर्ट चांगला असताना पेनिसिलिनची जोखीम कशाला, रिॲक्शन येऊन बाई दगावते. चूक माझी होती, ती मी परत करणार नाही, या वेळी बाळाच्या तोंडाला कुणाचं बोट लागू देणार नाही.'

जपून ठेवलास! अगं, लग्नाचे फोटो उंदरांनी खाल्ले तरी तुला पत्ता नव्हता, आणि तो कागद जपून ठेवलास.

रिॲक्शनचं म्हणशील तर आधी कातडीवर थोडंसं टोचून बघतात. लहानपणी तुझा कान फुटला होता तेव्हा महिनाभर पेनिसिलिनच चाललं होतं, तुला काही झालं नाही. डॉक्टरीणबाईंना मी परवा लॅबमधून फोन केला. लाईन खराब होती, बोलणं नीट झालं नाही.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. आईला वाटतं मी दिवसभर लोकांच्या थुंक्या बघते. तसं ते फार खोटं नाही. पीएच.डी.साठी मी दोन वर्षांत दोनशे चाळीस गरोदर बायका तपासल्या. प्रत्येकीच्या घशात फिरवलेली कापसाची एक काडी, प्रसूतीच्या वाटेतली एक. त्या काड्या रक्त घातलेल्या लाल प्लेटवर ओढायच्या आणि एक दिवस उबेत ठेवायच्या. स्ट्रेप असला तर त्याच्या ठिपक्याभोवतीचं रक्त विरघळतं आणि काचेसारखं स्वच्छ कडं दिसतं. कडं दिसलं की जंतू आहे. नाही दिसलं की 'साधी वाढ' लिहायचं आणि सही करायची. तू माझ्या वहीत एकशे बारा नंबरला आहेस.

रक्त मेंढीचं लागतं. ते आम्हाला सावळीराम देतो. दारणेच्या काठी त्याचा वाडा असतो, म्हणजे मेंढ्यांचा. मेंढीच्या मानेतून काढलेलं रक्त काचेच्या मण्यांच्या बाटलीत घ्यायचं आणि दहा मिनिटं हलवत राहायचं, म्हणजे गोठणारा भाग मण्यांना चिकटतो आणि खाली चांगलं रक्त उरतं. सावळीराम त्या मेंढीला नंतर गुळाचा खडा देतो आणि मला म्हणतो, 'तुमी बी खावा एक, ताई. तिच्यापरीस तुमीच पांढऱ्या पडल्या.'

त्या कामातून माझं एक नवं अनुमान निघालं. हा जंतू आपल्याकडे पावसाळी आहे. जून ते नोव्हेंबर सापडतो, दिवाळीनंतर नाहीसा होतो. चौदा बायकांत सापडला, सगळ्या त्याच महिन्यांतल्या. पुण्याला गाईड सरांनी खुर्चीतून उठून हात मिळवला. तुझी काडी मी फेब्रुवारीत घेतली होती. म्हणजे तुझा रिपोर्ट क्लिअर आला यात नवल काहीच नाही.

पण रिपोर्ट म्हणजे देवाचा कौल नव्हे, मनू. इंजेक्शन घे.

आणखी एक शिकून ठेव. बाळ झोपलेलं असताना त्याच्या पोटाकडे बघायचं, छातीकडे नाही. पोट वर आलं की एक. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायचं. साठाच्या आत असलं तर ठीक. साठाच्या वर गेलं तर कुणाला विचारत बसायचं नाही, उचलायचं आणि निघायचं. मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजलं होतं. अठ्ठ्याहत्तर होतं. तुला मी म्हणाले होते, थंडीने होतंय, गुंडाळून ठेव. मग दुपार गेली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

ताई

*

नाशिक रोड
२० फेब्रुवारी १९९८

मनू,

भारतरावांचं कार्ड मिळालं. 'निर्णय झाला आहे, कृपया आग्रह नको.' बाजार समितीत कांद्याच्या ढिगाचा लिलाव संपल्यावर म्हणतात तसं वाटलं. त्यांच्यावर राग नाही. नवसाबाईंनाही दोष देत नाही. सुनेचं एक बाळ गेल्यावर सासू डॉक्टरांचंच ऐकणार, माझं कशाला ऐकेल?

मला भीती वाटते. पहिल्या पत्रात नाही म्हटलं होतं, ते खोटं होतं. प्लेटची झाकणं उघडी धरून मी भलतीकडेच बघत राहते, आणि तसं झालं की हवेतलं काहीबाही प्लेटवर पडतं. परवा सहा प्लेट वाया घालवल्या. आमच्या लॅब असिस्टंट वाल्मीकने त्या उचलून टाकल्या. शेजारच्या घरात पाळणा आलाय. तिथलं पोर रडलं की मला बरं वाटतं, गप्प झालं की मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहते. आई म्हणते, 'तू तिकडे जाऊन का येत नाहीस एकदा?' मी म्हणते, मनूने नको म्हटलंय. तेवढं एक बरं निमित्त आहे माझ्याकडे.

तो जुना रिपोर्ट मला रजिस्टर पोस्टाने परत पाठव. त्यात टायपिंगची चूक राहिली आहे, दुरुस्त करून धाडते. आणि तोवर डॉक्टरीणबाईंना तो पुन्हा दाखवू नकोस.

लवकर पाठव.

ताई

*

नाशिक रोड
१ मार्च १९९८

मनीषा,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ते तुझ्या हातात ज्यांनी दिलं त्यांना आधी बसायला सांग, पाणी दे. नवसाबाईंनी दारातून परत पाठवू नये म्हणून मी ठमाबाईंना म्हटलं होतं, माझं नाव सांगू नका. त्या म्हणाल्या, 'तुझं कशाला सांगू, माझंच सांगते.'

टायपिंगची चूक नव्हती. रिपोर्ट चुकीचा होता.

तुझ्यात जंतू होता. बाळाला तोच लागला. घुटीने काही झालेलं नाही. ठमाबाईंनी ती चाटवली त्या बोटाने काही झालेलं नाही. तू काही केलेलं नाहीस. हे तीनदा वाच, मग पुढे जा.

कसं ते सांगते. सावळीराम बारा महिने इथे नसतो. दिवाळी झाली की धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात, ते जेठ लागला की परत येतात. मधले सहा महिने मला मेंढीचं रक्त नाही. मग आम्ही काय करायचो, तर रक्तपेढीतून मुदत संपलेल्या पिशव्या आणायचो. माणसाचं रक्त. फुकट मिळतं, नाहीतर ते फेकूनच देतात. सगळे करतात म्हणून मीही केलं, आणि वहीत कुठेच लिहिलं नाही की या महिन्यांत रक्त बदललं. लिहावंसं वाटलंच नाही, मनू. पोळ्यांना दुसऱ्या गिरणीचं पीठ वापरलं तर कुणी लिहून ठेवतं का?

पण माणसाच्या त्या रक्तात गोठू नये म्हणून औषध असतं, आणि देणाऱ्याच्या अंगातली जंतूंशी लढणारी द्रव्यंही असतात. त्यावर स्ट्रेप नीट वाढत नाही. वाढला तरी कडं दाखवत नाही. मी 'साधी वाढ' लिहीत गेले.

गेल्या वर्षी भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. सावळीराम निरोप घ्यायला लॅबच्या दारात आला. माझ्या टेबलावर प्रबंधाचा तो मोठा तक्ता पसरला होता, महिन्यामहिन्याचे उभे पट्टे. तो म्हणाला, 'ह्ये काय काढलंय?' मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, हा जंतू बघ, पावसाळ्यात येतो आणि दिवाळी झाली की जातो. तो हसला. म्हणाला, 'म्हंजी आमच्यासारखाच हाय की! आमी निघालो का त्यो बी निघतो.'

मीही हसले. तो फाटकापर्यंत गेला असेल, आणि मग मला खुर्चीत बसवेना.

मी धावत जाऊन त्याला थांबवलं. एक बाटली रक्त मागितलं. तो म्हणाला, 'मेंढरं पुढं गेली, ताई.' तरी माझं तोंड बघून एक मेंढी घेऊन आला. मी मणी हलवले, प्लेटा ओतल्या. 'साधी वाढ' लिहिलेले सगळे नमुने मी मांसाचे तुकडे घातलेल्या रसाच्या बाटल्यांत जिवंत जपून ठेवलेले होते, तो नियमच आहे. त्यातली एकशे बारा काढली. आणि एकशे बारा-ब. ती तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बाळाचा श्वास मोजल्यावर मी त्याच्या कानातून एक काडी घेतली होती. तीही त्याच वाईट प्लेटवर ओढली आणि तिलाही साधी वाढच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा उजेडाकडे धरल्या. दोन्हींवर कडी होती. इतकी स्वच्छ की पलीकडची खिडकी दिसत होती.

ते सहा नोव्हेंबर होतं. आज एक मार्च आहे. मधले चार महिने मी काय केलं? प्रबंध पूर्ण केला. तोच तक्ता त्यात लावला. तुझं कळल्यावर पत्रं लिहिली आणि त्यात अमेरिकेचा नियम सांगितला. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा लाईन खराब नव्हती. त्या शेजारच्या खोलीत बसल्यासारख्या स्पष्ट म्हणाल्या, 'मॅडम, रिपोर्टवर सही तुमचीच आहे ना? मग तो चुकीचा आहे का?' मी म्हणाले, 'नाही, चुकीचा नाही,' आणि फोन ठेवला. माझं नाव, माझी पदवी, माझी नोकरी, हे सगळं त्या एका 'नाही'त होतं. तू आणि ते येणारं बाळही होतं. मी दोन्ही तोलून बघितलं आणि पहिलं उचललं. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

आणि तो तिसरा दिवस. बाळाला गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा भारतरावांनी विचारलं होतं, 'असं कसं झालं?' सगळ्यांसमोर मी म्हणाले, 'माझा रिपोर्ट क्लिअर आहे, जंतू बाहेरून आलाय.' सगळ्यांनी ठमाबाईंच्या हातांकडे बघितलं. मग मी तुझ्याकडे वळले. तू अजून खाटेवर होतीस, पदर ओला होता. मी म्हणाले, 'तुला सांगितलं होतं ना, घुटी चाटवू देऊ नकोस म्हणून?' दोन वर्षं तू ते वाक्य घेऊन जगलीस. माझ्याशी बोलणं टाकलंस ते राग म्हणून नव्हे, तुला माझ्यासमोर उभं राहवत नव्हतं म्हणून. मला वाटायचं तू रागावली आहेस. तुझ्या चार ओळी आल्या तेव्हा कळलं.

काल ठमाबाईंकडे गेले. देवळाली गावातल्या एका खानावळीच्या मागे त्या भांडी घासतात. ज्या बाईने तीस वर्षं आपल्या सगळ्या कॉलनीची पोरं मांडीवर न्हाऊ घातली, तुला आणि मलाही, तिला त्या दिवसानंतर कुणी घरात घेतलं नाही. मला वाटलं होतं बसून नीट सांगावं. उभ्याउभ्याच बोलले.

'ठमाबाई, घुटीने काही झालं नव्हतं. चूक माझी होती.'

त्यांनी कढई घासणं थांबवलं नाही. 'कवा कळलं?'

'दिवाळीत.'

'आन् आता शिमगा आला.'

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, 'माझ्यापाशी काय रडती? दोन वरीस माझ्या मांडीवर कुणी पोर दिलं नाय, म्या रडले का कुनाच्या दारात? मनीला सांगितलं का?'

'नाही.'

'का?'

'भीती वाटते.'

'कशाची? ती काय खाती का तुला?' कढई पालथी घातली, हात पदराला पुसले. 'लिही. समदं लिही, काय ठेवू नको. म्या नेते. आन् त्या पोरीच्या उशाशी बसते सुई टोचोस्तोवर. मला कोण हाकलतंय बघू.'

आज सकाळी डॉक्टरीणबाईंच्या घरी पुन्हा फोन केला आणि एका दमात सांगितलं, रिपोर्ट चुकीचा होता, चूक माझी. त्यांनी नमुन्याचा नंबर लिहून घेतला. मग म्हणाल्या, 'लेखी द्या. आणि बाईंची स्वतःची तयारी हवी, मी जबरदस्ती करणार नाही.' लेखी सोबत आहे. नवा रिपोर्ट आहे, नमुना एकशे बारा, तारीख आजची, सही माझी. पहिल्या बाळाला लागण झाली असेल तर पुढच्या वेळी नवी तपासणी लागत नाही, इंजेक्शन द्यायचंच, हेही लिहिलंय.

आता राहिली तुझी तयारी. मला माफ करू नकोस, ते मी मागत नाही. माझ्यावर राग ठेवून इंजेक्शन घेता येतं. फक्त माझ्यावरचा राग त्या बाळावर काढू नकोस, मनू. हात जोडते.

प्रतिभा

*

नाशिक रोड
१५ मार्च १९९८, रविवार

मनू,

बुधवारी रात्री ठमाबाईंचा निरोप आला की कळा सुरू झाल्या. गुरुवारी, होळीच्या दिवशी, दुपारी बूथवरून त्यांचा फोन आला. त्या फोनमध्ये ओरडूनच बोलतात. 'झाली! अकराला पोरगी झाली! सुया चार टोचल्या. म्या सोता मोजल्या.' आणि पुढचं काही न सांगता फोन बंद. आईने साखर वाटली. मी वाटली नाही. मला अजून मोजायचं होतं.

पहिलं बाळ अडुसष्ट तास होतं. गुरुवारी सकाळी अकरापासून अडुसष्ट तास म्हणजे आज सकाळी सात. धुळवडीला वाल्मीकने कपाळाला रंग लावला तो मी धुतलाच नाही, आत्ता आरशात बघितलं. काल गाईड सरांना पत्र टाकलं, प्रबंध मागे घेतला. दिवाळी ते जेठ या महिन्यांतल्या एकशे नऊ बायकांची यादी काढली आहे. सायखेड्यापर्यंतची नावं आहेत. एकेकीच्या दारात जायचं आहे. त्यांतल्या किती घरी कुणाच्या हातांवर आळ आला असेल, देव जाणे. पण हे सगळं मी काल केलं ते वेळ जावा म्हणून. मनातल्या मनात मी तासच मोजत होते.

आज रविवार असून सहालाच लॅब उघडून फोनपाशी बसले. सात वाजले. सव्वासात झाले. माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते लिहीत नाही.

साडेसातला फोन वाजला. मी हॅलो म्हणाले. पलीकडून कुणी बोलेना. बादलीचा आवाज आला, कुणीतरी दवाखान्याची फरशी पुसत होतं. ठमाबाईंचा आवाज लांबून आला, 'धर की नीट.' मला वाटलं, आता सांगणार. मी टेबलाची कड धरली.

मग तुझा आवाज आला. दोन वर्षांनी.

'एक,' तू म्हणालीस.

मला आधी कळलंच नाही.

'दोन. तीन.'

ताई म्हणाली नाहीस, कशी आहेस म्हणाली नाहीस. नुसती मोजत होतीस, सावकाश, मधेच थांबून. पोटाकडे बघत असशील. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत होते. वीसला तू थांबलीस. खूप वेळ थांबलीस असं वाटलं. घड्याळात दोनच सेकंद गेले होते. एकवीस म्हणालीस तेव्हा मी श्वास घेतला. एकदा अडतीस दोनदा म्हणालीस, ते मी एकच धरलं.

बेचाळीसला काटा बारावर आला. 'मिनिट झालं,' तू म्हणालीस, ठमाबाईंना की मला ते समजलं नाही, आणि फोन ठेवलास.

बेचाळीस चांगलं आहे, मनू. अगदी चांगलं आहे. उद्या पुन्हा मोज. मी साडेसातला फोनपाशी बसते.

ताई